चूक दाखवा, माणूस ठरा

मी माणूस नसेन अशी विद्यापीठाला शंका आली, तेव्हा मी रुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा ढवळत होते. मुरांबा ढवळणारं यंत्र बाजारात मिळतं हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या मागे उभं राहून कुणाचा नवरा "साखर जरा जास्तच झाली" असं म्हणत नाही. माझा म्हणत होता. एवढ्या एका पुराव्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने निकाल देऊन टाकला असता, पण विद्यापीठात शहाण्या माणसांना नियमांमधून वाट काढून यावं लागतं आणि त्यात त्यांचा बराच वेळ जातो.

टेबलावरचा माझा फोन टिंग वाजला. माझे हात चिकट होते, म्हणून स्वैनुंगने चष्मा लावून वाचायला घेतलं. स्वैनुंग म्हणजे वरचा साखरवाला नवरा. त्याने जन्मभर फेरीबोट चालवली, डोंगरांत शिरलेल्या आमच्या खाडीच्या, फ्योर्डच्या, या काठावरून त्या काठावर आणि परत. त्यामुळे कुठलीही बातमी आली तरी तो आधी धक्क्याला नीट लागतो आणि मगच दार उघडतो.

"माग्निल," तो बऱ्याच वेळाने म्हणाला, "तू यंत्र आहेस म्हणे."

"कोण म्हणतं?"

"यंत्र."

झालं होतं असं, की शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एम.ए.ला नाव घातलं होतं. आमच्याकडे स्वतःचा अभिमान बाळगणं हे चारचौघांत नाक शिंकरण्याइतकंच वाईट समजतात, म्हणून मी तो पडदे ओढून बाळगते. पण इथे सांगायला हरकत नाही की माझा प्रबंध उत्तम झाला होता. विषय होता मेंढ्यांच्या कानखुणा. पूर्वी आमच्या खोऱ्यात कुठली मेंढी कुणाची, हे तिच्या कानावरच्या कापावरून ओळखत. प्रत्येक शेताचा काप वेगळा आणि प्रत्येक कापाला नाव. ती नावं माहीत असलेली म्हातारी माणसं शोधत मी घरोघरी हिंडले, इतकी कॉफी प्यायले की डॉक्टरांनी वेगळं बोलावून विचारलं, आणि शेवटी प्रबंध विद्यापीठाला पाठवला. तिथे हल्ली प्रत्येक प्रबंध एका यंत्राला हुंगायला देतात. हा माणसाने लिहिला की यंत्राने, ते त्याने हुंगून सांगायचं. माझा हुंगून त्याने सांगितलं, जवळजवळ सगळाच यंत्राचा.

मी हात धुतले आणि ते पत्र स्वतः वाचलं. आधी माझे कान तापले. मग कारणं वाचली. "भाषा असाधारण शुद्ध. क्रियापदांच्या प्रत्ययांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेही विसंगती नाही. एवढी शिस्त मानवी लेखनात आढळत नाही."

आता इथे थोडं थांबायला हवं. आमच्या देशात एकच भाषा दोन तऱ्हांनी लिहितात. शहरी मंडळी बोकमोल लिहितात, आम्ही पश्चिमेकडचे नीनोर्स्क. आमच्या नीनोर्स्कमध्ये मोकळीक फार. क्रियापदाच्या शेवटी 'आ' लावा नाहीतर 'ए' लावा, दोन्ही शुद्ध. अट एकच: जे धरलं ते शेवटपर्यंत धरायचं. ही अट देशात कुणीही पाळत नाही. मंत्री एका वाक्यात 'आ' आणि पुढच्या वाक्यात 'ए' लावतात आणि रात्री शांत झोपतात. मी पाळते. मी आयुष्यभर शाळेत नीनोर्स्क शिकवली आहे आणि या खोऱ्यात ज्याची वही माझ्या लाल शाईने भिजली नाही असा माणूस एकतर बाहेरून आलेला असतो किंवा शाळा चुकवणारा.

"एवढी शिस्त मानवी लेखनात आढळत नाही," मी पुन्हा वाचलं. मग उभी राहून वाचलं.

"आरोप आहे तो," स्वैनुंग म्हणाला. "सत्कार चालल्यासारखी काय वाचतेस?"

"स्वैनुंग, सरकारी पैशाने चालणाऱ्या संस्थेने लेखी दिलंय की एवढं शुद्ध लिहिणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे."

"खालचं वाच."

खाली लिहिलं होतं की आरोप सिद्ध झाल्यास प्रबंध रद्द होईल, नावापुढे 'फसवणूक' अशी नोंद लागेल आणि प्रबंध ग्रंथालयात जाणार नाही. फसवणूक हा शब्द वाचून मी खाली बसले. आणि ग्रंथालयाचं वाचून मला खरंच रडू आलं. ज्यांनी मला ती नावं सांगितली त्यांतली निम्मी माणसं प्रबंध पुरा होईपर्यंत गेली होती. डोंगराखालची म्हातारी सिन्नोवे गेल्याच हिवाळ्यात गेली. त्यांचे शब्द आता दुसरीकडे कुठेच नव्हते, फक्त माझ्या त्या पानांत होते.

तेव्हा मी लढायचं ठरवलं.

लढाईची सुरुवात फॉर्मने झाली. फॉर्म बोकमोलमध्ये होता. आता, नागरिकाने नीनोर्स्कमध्ये लिहिलं तर सरकारी उत्तर नीनोर्स्कमध्येच यायला हवं, असा आमचा कायदा आहे. मान सुरीखाली असली तरी कायदा तो कायदा. मी फॉर्म परत पाठवला. बऱ्याच दिवसांनी तो नीनोर्स्कमध्ये आला, आणि पहिल्याच ओळीत मला कळलं की तो माणसाने नव्हे, यंत्राने भाषांतरित केला आहे. एका वाक्यात तीन क्रियापदं, दोहोंना 'आ', एकाला 'ए', आणि 'प्रबंध'च्या जागी लाकूडकामातला कुठलासा शब्द. मी तो लाल शाईने तपासला, सहापैकी दोन गुण दिले, "लक्ष देऊन वाच, तुला जमेल" असा शेरा मारला आणि पाठवून दिला. शेरा मी नेहमीच प्रेमळ मारते. उत्तर आलं: "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. आपल्या प्रकरणाला यामुळे विलंब होऊ शकतो."

फॉर्ममधला मुख्य प्रश्न असा होता: लेखन आपणच केल्याचा पुरावा म्हणून कच्च्या प्रती जोडा. कच्च्या प्रती! मी हाताने लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते, आणि पान स्वच्छ उतरलं की खाडाखोडीचं पान स्टोव्हमध्ये घालते. खाडाखोड ही घरातली बाब आहे, अंतर्वस्त्रांसारखी. ती कुणी वाळत घालतं का समोरच्या अंगणात? माझ्या नैतिक शुद्धतेने घर उबदार ठेवलं होतं आणि पुरावा धुराड्यातून गेला होता.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही, फक्त दुकानात योरुनला सांगितली. योरुन दुकान चालवते, त्यामुळे दुपारपर्यंत खोऱ्याला सगळं कळलं.

"तू जरा गबाळी दिसायला हवीस," योरुनने पिठाची पिशवी माझ्यापुढे सरकवत सल्ला दिला. "तुझ्याकडे बघून मलासुद्धा शंका येते. केस बघ कसे. पावसातही जागचे हलत नाहीत."

"मी वळण लावलंय त्यांना."

"तेच म्हणते मी. आम्हालाही लावलंस."

मागे ओड्डब्योर्न मिठाच्या विटा घेऊन उभा होता. ओड्डब्योर्न डोंगराखाली मेंढ्या पाळतो. सिन्नोवेचा तो मुलगा आणि माझा जुना विद्यार्थी; आमच्याकडे शिक्षिकेलाही 'तू'च म्हणतात. त्याच्या निबंधांवर मी इतकी लाल शाई खर्च केली होती की शाळेने मला त्याबद्दल विचारलं होतं.

"कच्ची प्रत नाही, एवढंच ना?" तो म्हणाला. "मग करूया की! दुग्नाड लावू. शनिवारी, गावच्या सभागृहात. सगळे मिळून तुझा प्रबंध चुका घालून उतरवून काढू. खोडू, डाग पाडू, कॉफी सांडू."

दुग्नाड म्हणजे आमच्याकडचं इर्जिक. कुणाचं छप्पर उडालं, कुणाची बोट वर ओढायची असली, की सगळं गाव जमतं, काम करतं, वाफल म्हणजे जाळीदार गोड धिरडी खातं आणि घरी जातं. चुकांची दुग्नाड मात्र कुणी ऐकली नव्हती.

"ओड्डब्योर्न, ती फसवणूक होईल."

"फसवणुकीचा आरोप तर लागलाच आहे ना तुझ्यावर? मग तो वाया कशाला घालवायचा?"

मी त्याला स्पष्ट शब्दांत नाही म्हटलं. शनिवारी मी सभागृहात गेले ती केवळ हा प्रकार थांबवायला. दारातून पाहिलं तर आत परीक्षेसारखी शांतता. माझे सगळे जुने विद्यार्थी, कुणाला टक्कल पडलेलं, कुणाला नातवंडं झालेली, लांब टेबलांवर वाकून लिहीत होते. योरुनने पानं वाटून दिली होती. कोपऱ्यात वाफलचं यंत्र तापत होतं आणि तिकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

मी ओड्डब्योर्नच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याने एका क्रियापदाला चुकीचा प्रत्यय लावला. त्याकडे बघितलं. पेन चावलं. मग ते खोडलं आणि बरोबर लिहिलं.

"जमत नाही गं," तो मान वर न करता म्हणाला. "हात वळतच नाही. तू मागे उभी आहेस असं वाटतं."

"मी मागे उभीच आहे."

"तू यायच्या आधीपासून वाटतंय."

सगळ्यांची तीच गत. योरुनने मोठ्या हिमतीने एक ढळढळीत चूक केली होती, तर शेजारच्याने कणव येऊन ती गुपचूप दुरुस्त केली. पोस्टातल्या माणसाने 'आ' आणि 'ए' मिसळायचा प्रयत्न केला आणि त्याला घाम फुटला. आख्खं गाव, रविवारची सकाळ असावी तसं नीटनेटकं बसून, एका अशुद्ध वाक्यासाठी झटत होतं, आणि कुणाकडूनही ते होत नव्हतं.

मी आयुष्यात अनेकदा विचार केला होता की माझ्या शिकवण्याचं पुढे काय होत असेल. वह्या बंद होतात, मुलं मेंढ्यांमागे जातात, बोटींवर जातात. त्या दिवशी मला उत्तर मिळालं. मला इतका अभिमान वाटला की सभागृहात पडदे नव्हते याचं मला भान राहिलं नाही. मी तिथेच उभ्या उभ्या रडले. मग डोळे पुसले, सगळी पानं गोळा केली आणि स्टोव्हमध्ये घातली. खोटी ती खोटीच. त्यानंतर वाफल मात्र सर्वांनी भरपूर खाल्ले.

कच्च्या प्रती जाळल्या, असं खरं ते मी फॉर्मवर लिहिलं, त्यामुळे सुनावणी लागली, ती व्हिडिओवर. आमच्या घरचं इंटरनेट फेरीबोट समोरून गेली की जातं, म्हणून मी पुन्हा सभागृहातच बसले. नियमाप्रमाणे सोबत एक व्यक्ती आणता येत होती. मी स्वैनुंगला आणलं. पण सभागृह सगळ्यांच्या मालकीचं, त्यामुळे कुणाला येऊ नका म्हणता येईना. लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बेताने, आख्खं खोरं ताटल्या घेऊन बसलं होतं. ओड्डब्योर्न वाफलच्या पिठात पळी बुडवून उभा होता.

स्क्रीनवर ट्रुल्स उगवला. ट्रुल्स म्हणजे विद्यापीठाचा या कामावर नेमलेला माणूस, राजधानीकडचा, तरुण आणि झोप न झालेला. त्याच्या दोन्ही बाजूंना समितीचे दोन सदस्य होते, कॅमेरे बंद केलेले, म्हणजे नुसते दोन काळे चौकोन. ते माणसं असल्याचा पुरावा कुणीही मागितला नाही.

"माग्निल, काही चघळल्याचा आवाज येतोय," ट्रुल्स म्हणाला.

"माझी सोबतची व्यक्ती," मी म्हणाले. स्वैनुंगने जबाबदारीने चघळून दाखवलं.

"बरं. हे बघ, मी तुझ्या बाजूचा आहे. मी तुझा प्रबंध पूर्ण वाचला." हे ऐकून मी विरघळले, परीक्षक सोडला तर तो वाचणारा हा पहिलाच. "दोनदा वाचला. आणि आनंदाची बातमी आहे. यंत्राच्या नजरेतून सुटलेली एक चूक मला सापडली."

मी प्रबंधाची प्रत दोन्ही हातांनी पुढ्यात ओढली.

"'खाच' नावाच्या कानखुणेचं प्रकरण. सगळीकडे तू 'आ' लावलायस. 'कापणे'ला 'क्लिप्पा', 'क्लिप्पा', 'क्लिप्पा'. पण एका वाक्यात 'क्लिप्पे' झालंय!" त्याचा चेहरा खुलला होता. "अशी एकुलती एक चूक माणसाचीच. तू फक्त म्हण, हो, ही माझी चूक. मी लिहून घेतो, प्रकरण बंद, पदवी तुझी."

लॅपटॉपमागच्या सगळ्या माना एकदम हलल्या: हो म्हण. योरुनने दोन्ही अंगठे वर केले. स्वैनुंग माझ्या कानाशी लागून म्हणाला, "एवढंच तर म्हणायचंय, अगं. हो म्हण आणि ऊठ."

मी ते पान उघडलं. आणि माझ्या लक्षात आलं की मला हो म्हणता येणार नाही.

"ही चूक नाही," मी म्हणाले.

"माग्निल, विचार करून बोल. ही चूक नसेल तर तुझ्या प्रबंधात एकही चूक उरत नाही. मग मी कशाच्या आधारावर तुला सोडवू?"

"नाहीच आहे चूक." हे वाक्य अधिकृत सुनावणीत, साक्षीदारांसमोर म्हणण्याची संधी किती लोकांना मिळते? मला मिळाली. शब्द सगळे नीट आले.

डावीकडचा काळा चौकोन खाकरला. "म्हणजे संबंधित व्यक्तीला आरोप मान्य आहे, असं नोंदवायचं का?"

"आधी वाक्य ऐका," मी म्हणाले आणि वाचलं. "'कोकराची माफी मागितल्याशिवाय क्लिप्पे करायला माझा हात कधी धजला नाही.' हे वाक्य माझं नाही. सिन्नोवेचं आहे. ती लग्न होऊन डोंगरापलीकडून या खोऱ्यात आली. पलीकडे 'क्लिप्पे' म्हणतात. इथे सगळ्यांनी तिला हसून हसून 'आ' शिकवला. बाकी सगळी क्रियापदं तिने आमच्यासारखी केली, हे एक नाही केलं. त्या एका अक्षरापुढे मी पेन घेऊन दुपारभर बसले होते, ट्रुल्स. ते 'आ' केलं असतं तर माझं पान निर्मळ झालं असतं, पण सिन्नोवे त्यातून निघून गेली असती. म्हणून ठेवलं. त्याला चूक म्हणवून मी पदवी घेणार नाही."

मागे काहीतरी आपटलं. ओड्डब्योर्न पिठाची पळी घेऊन सरळ कॅमेऱ्यासमोर आला होता.

"हे आईचं वाक्य आहे?" त्याने मला विचारलं.

"हो."

"ती कोकराची माफी मागायची?"

"मला तसं सांगितलं तिने."

"आम्हा पोरांना ती गोठ्याबाहेर घालवायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, रक्त बघू नये म्हणून." पळीतून पीठ जमिनीवर ठिबकत होतं. "माफी मागताना कुणी ऐकू नये म्हणून घालवायची होय."

"ती 'क्लिप्पे'च म्हणायची?" ट्रुल्सने हळूच विचारलं.

"मरेपर्यंत. बाबा चिडवायचे. ती म्हणायची, एवढं एक माझं माहेरचं राहू दे."

तेव्हा उजवा काळा चौकोन उजळला. आत एक वयस्कर बाई होत्या, चष्मा कपाळावर ढकललेला, डोळे ओले. "यंत्राने ते 'आ' करून टाकलं असतं," त्या म्हणाल्या. "माझा संगणक मला रोज करून देतो. मी न विचारता." मग त्यांनी डाव्या चौकोनाला नावाने हाक मारून विचारलं की त्याला अजून काही नोंदवायचं आहे का. त्याला नव्हतं.

ट्रुल्स डोकं खाजवत होता. "पण मग मी लिहू काय? 'एक चूक आढळली, त्यावरून लेखक मानवी' असा मसुदा तयार आहे माझा."

"तसं लिहू नकोस," मी म्हणाले. "जे आहे ते लिही."

निकाल आला तो नीनोर्स्कमध्ये. स्वैनुंगने चष्मा लावून सावकाश वाचला. "'प्रबंधात एकही चूक आढळली नाही. लेखिका तरीही माणूस आहे. प्रबंध ग्रंथालयात ठेवण्यात यावा.'"

मी फोन त्याच्या हातातून घेतला. तीन ओळींत ट्रुल्सने एकदा 'आ' लावला होता, दोनदा 'ए', आणि 'ग्रंथालय'मधलं एक अक्षर गाळलं होतं. यंत्र 'आ' आणि 'ए' मिसळतं, पण अक्षर गाळत नाही; यंत्राच्या चुका मला आता ओळखू येतात. या त्या राजधानीकडच्या पोराच्या होत्या, ज्याने जन्मात कधी नीनोर्स्क लिहिली नसेल आणि जो माझ्यासाठी एकेक शब्द शोधत बसला असेल.

स्वैनुंगने न विचारता लाल पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. "तपासून परत पाठवणार असशील."

"नाही," मी म्हणाले. "त्याने स्वतः लिहिलंय."